डावखुरी मूठ

सांधे सुजल्यापासून काठीची मूठ टोचायला लागली, तेव्हा जयवंत खानोलकर ती घेऊन पॉलिमर तपासणीच्या प्रयोगशाळेत आले.

"धरणाऱ्याच्या हाताप्रमाणे वळणारं प्लॅस्टिक आहे हे, काका. तापवून कोरं करून देते," तिथली शलाका म्हणाली.

तिथे प्रत्येक वस्तू दोनदा तापवत. पहिल्या खेपेला आत बसलेले जुने आकार एकामागून एक, शेवटचा आधी अशा उलट्या क्रमाने, निघून जात. नोंद फक्त दुसऱ्या खेपेची होई, त्यामुळे पहिल्या वेळी आत कोणी डोकावतही नसे. आज मात्र खानोलकर तापवायच्या यंत्राच्या काचेला नाक लावून उभे होते.

साठ अंशांवर त्यांच्या जाड बोटांच्या खाचा भरून आल्या. मग त्याच जागी दुसऱ्या उमटल्या. बारीक, डाव्या हाताच्या, आणि एकीत अंगठीचा वण.

"थांबव, थांबव!" ते ओरडले. "ही आमच्या इंदूची पकड! काठी तिचीच. ती गेल्यावर मी वापरायला घेतली."

शलाकाने घाईघाईने यंत्र बंद करून मूठ गार केली. "आता नुसती जपून ठेवा, काका. घट्ट धरलीत तर पुन्हा तुमच्या हातासारखी होईल."

"चाळीस वर्षं तिनंच माझ्या कलानं घेतलं," खानोलकर म्हणाले. "आता जरा मी घेतो."

सुजलेली बोटं एकेक करून त्यांनी त्या बारीक खाचांत अलगद टेकवली, आणि सवय नसलेल्या डाव्या हाताने काठी टेकत ते घराकडे निघाले.