एका दिवसाचं अंतर

"आस्वान म्हणजे काय पलीकडची गल्ली आहे का, साहेब?" इसाम न्यायाधीशांवर जवळजवळ खेकसलाच. "कैरोपासून नऊशे किलोमीटर! पोरीला तिथं नेऊन टाकली, तर मी बापानं तिचं तोंड बघायचं कधी?"

नाहिदनं दात आवळले. नियम तिला पाठ होता. घटस्फोटानंतर मूल आईकडे. पण बापानं सकाळी निघावं, मुलाला भेटावं आणि रात्री आपल्याच अंथरुणावर पाठ टेकावी, एवढ्याच अंतरात आईनं राहायचं. त्यापलीकडे गेली की मूल हातचं गेलं. आस्वानला तिचं माहेर होतं, शाळेत नोकरी मिळाली होती. कैरोत नुसती बोलणी खायची होती. बाईच्या गळ्यातला दोर किती लांब, ते पुरुषाच्या एका दिवसावर ठरत होतं.

"उंटांचे दिवस गेले, साहेब," ती म्हणाली. "विमानानं दीड तास लागतो. आणि याला भेटायचंय कुठं? चार वर्षांत यानं माझा जिना चढलेला नाही."

"खोटारडी! दर शुक्रवारी जातो मी." इसामनं आपल्या आईकडे बोट केलं. "विचारा हिला."

हाज्जा तहिया उठून उभी राहिली. तिला बघताच नाहिदच्या कपाळाची शीर उडायला लागली. दर शुक्रवारी ही म्हातारी धापा टाकत चार मजले चढायची. उंबरा मात्र ओलांडायची नाही. "तुझ्या घरात पाय टाकण्यापेक्षा मेलेली बरी. पोरीला बाहेर पाठव, अवदसे." मग जिन्याच्या पायरीवर बसून सहा वर्षांच्या नवाराला बसबुशाच्या गोड वड्या भरवायची, आणि दर खेपेला तेच सांगायची, "बाबानं पाठवल्यात हो."

"तुमचा मुलगा दर शुक्रवारी लेकीला भेटतो?" न्यायाधीशांनी विचारलं.

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. मग नाहिदकडे, जळजळीत.

"भेटतो. एक शुक्रवार चुकवत नाही. पोरीत जीव आहे त्याचा."

नाहिदला वाटलं, संपलं सगळं.

न्यायाधीश कागदावरून मान वर न करता म्हणाले, "सकाळी विमान जातं, संध्याकाळी परत येतं. इतका जीव लावणारा बाप दीड तास विमानात बसेलच की. अंतर एका दिवसातलं आहे. आईला जायला परवानगी."

बाहेर येताच इसामनं सिगारेट पेटवली. "जा, मर तिकडे! कोण तडफडत येतंय?" बाकावर मावशीजवळ बसलेल्या लेकीकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. तरातरा पायऱ्या उतरला आणि रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनासा झाला.

म्हातारी तिथंच पायरीवर बसली. सवयीनं नवारा तिच्या शेजारी जाऊन टेकली. आज शुक्रवार नव्हता, तरी म्हातारीच्या मुठीत पुडा होता.

नाहिद तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. चार वर्षांचं विष जिभेवर आलं होतं. "मिळालं खोट्याचं फळ, हाज्जा?"

"बोलू नकोस माझ्याशी. तोंड बघायचं नाही मला तुझं."

म्हातारीनं पुडा सोडला, नवाराच्या तोंडात वडी घातली, आणि नाहिदकडे न बघताच विचारलं,

"एकट्या म्हातारीला विमानात बसू देतात का गं, चांडाळणी?"