तिसरं पाकीट

"सर, नियमाप्रमाणे तीन कोटेशनं आणलीत," म्हणत दिगूशेठनी कॉलेजच्या खुर्च्यांसाठीची पाकिटं प्राचार्यांपुढे ठेवली. एक स्वतःच्या दुकानाचं, एक मेव्हण्याच्या आणि एक बायकोच्या नावाचं. तिन्हींतले दर अर्थात शेठनीच ठरवलेले.

प्राचार्यांनी पाकिटं फोडली. "सर्वांत स्वस्त कुमुदिनी ट्रेडर्स. ऑर्डर त्यांना!"

दिगूशेठ चपापले. घाईत आपला दर बायकोच्या लेटरहेडवर छापला गेला होता!

घरी येऊन ते म्हणाले, "कुमुद, या ऑर्डरवर सही कर फक्त. पुढचं मी बघतो."

तिने चष्मा लावून ऑर्डर सावकाश वाचली आणि घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"घेईन हो खुर्च्या तुमच्याकडून. आधी कोटेशन तर द्या. आणखी दोन ठिकाणची मी मागवते. नियमच आहे ना तसा?"