शिट्टी वाजेपर्यंत

खेळाच्या बाई पंचगिरीत मुरलेल्या, त्यामुळे जोडीनाचाच्या तासालाही मैदानाचाच नियम: शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही, वाजली की लगेच हात सोडायचे. गाणं लावून त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि तिथेच अडकल्या. परतताना बाकावर वर्गात सगळे जिला ‘काडी’ म्हणत, त्या किडकिडीत मुलीचा उघडा डबा दिसला. आत नुसत्या काकडीच्या चकत्या. पौष्टिक आहार शिकवताना बाईंनीच तो उंच धरून “याला म्हणतात डबा!” असं कौतुक केलं होतं. तेव्हापासून पोरगी दुसरं काही खातच नाही, असं तिची आई कालच रडत सांगून गेली होती. हॉलमध्ये जोड्या अजून गिरक्या घेत होत्या. काडीची मान जोडीदारणीच्या खांद्यावर कलंडलेली, बूट फरफटत होते. “बाई, ही बोलतच नाहीये,” जोडीदारीण धापा टाकत म्हणाली, “पण मी थांबले नाही!” घाबरलेल्या बाईंनी सवयीने शिट्टी फुंकली. जोडीदारणीने लगेच हात सोडले.