भिंतीकडं तोंड करून बसलेली खेळणी

या, असे जवळ सरकून बसा. साखऱ्याच्या राधिकाची गोष्ट सांगायची आहे.

पोरीच्या पसाऱ्याला ती पार वैतागली होती. त्या दुपारी तिनं तिसऱ्यांदा खेळणी टोपल्यात भरली, आणि चहा टाकून येते तोवर ती पुन्हा खोलीभर. या वेळी मात्र रांगेत. बाहुल्या एका बाजूला, बैल नि मोटारी दुसऱ्या बाजूला, मधे वाट सोडलेली. सगळ्यांची तोंडं कोऱ्या भिंतीकडं.

"रागिणी, भंगारवाल्याला देऊन टाकीन बघ सगळं."

"मी न्हाई मांडलं," पाच वर्षांची लेक म्हणाली. "ते कीर्तनाला बसून राहिले."

राधिकाला हसू आलं. "अन् महाराज कुठंय?"

पोरीनं भिंतीकडं बोट केलं, बाहुल्यांत जाऊन बसली आणि हात जोडून डोलू लागली.

"ऊठ, चहा-पोळी खा."

ती वळली नाही. राधिकानं दंड धरून ओढलं, तर एवढंसं लेकरू जागचं हलेना. भिंतीतून बुक्क्याचा वास येत होता.

मग बाहुल्या जराशा सरकल्या. लेकीशेजारी एका माणसापुरती जागा झाली.

पोरीला एकटं कसं सोडावं? राधिका बसली. तिथून त्या दोघी पुन्हा उठल्याच नाहीत.

कीर्तनात तुमच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर त्या मायलेकींची आठवण काढा.