पंधरावरचं घर

“हात काढ, मेल्या! माणसाचे हात आहेत की कालव्यातला बर्फ?”

आणि मागोमाग हसू. बाउक्येचं हसू. दोन घरांत मिळून एकच भिंत, तीही एका विटेची. अलीकडच्या घरात चित्स्के एकटीच अंथरुणात पडलेली असायची, आणि हिवाळ्यातल्या दर पहाटे पलीकडून हे ऐकू यायचं. वीबे दारातल्या पायरीवरचा बर्फ खरवडून, मीठ टाकून वर यायचा आणि ते हात तसेच बायकोच्या मानेवर ठेवायचा. बावीस हिवाळे चित्स्केने ती आरोळी भिंतीतून ऐकली. बावीस हिवाळे स्वतःची मान पांघरुणात लपेटून घेतली.

बाउक्येला जाऊन आता चार वर्षं झाली होती. गेल्या एप्रिलपासून भिंतीच्या पलीकडे चित्स्केच झोपत होती, वीबेची बायको म्हणून.

पडदे तिने बदलले. जेवणाचं टेबल बदललं. सप्टेंबरात बाउक्येच्या वेळचा, घर तापवणारा बॉयलरही काढायला लावला. “रात्रभर घरघरतो मेला,” म्हणाली. नवा आला, पांढराशुभ्र, पोटातलं पाणी न हलणारा. रात्री दहाला भिंतीवरची, घराचं तापमान ठरवणारी चकती फिरवून घर गार करायची गावात घरोघरीच रीत. बाउक्ये सोळा अंशांवर ठेवायची, असं वीबे एकदा सहज बोलून गेला. त्या दिवसापासून चित्स्के पंधरावर ठेवू लागली.

पहिलं हिम पडलं त्या पहाटे तो हात आला. मानेवर. आरोळी तिच्या ओठांपर्यंत आली. पण ते शब्द त्या दुसरीचे होते. बावीस वर्षांत पाठ झालेले, तरी उष्टे. तिने ओठ मिटले, अंग चोरलं. हात निघून गेला.

पुन्हा आला नाही.

त्यानंतर वीबे रोज पहाटे बाहेरून वर यायचा आणि खिडकीखालच्या, बॉयलरचं पाणी खेळणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर दोन्ही तळवे टेकवून उभा राहायचा. दहा मिनिटं, कधी पंधरा. काचेवर उमललेल्या हिमफुलांकडे बघत. मग एक उसासा, आणि जिना उतरून कॉफी करायला खाली. चित्स्के पांघरुणातून एका डोळ्याने बघत राहायची. ह्याच रेडिएटरवर पूर्वी ओले मोजे बघता बघता वाळायचे, हेही तोच कधीतरी बोलून गेला होता. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? ती म्हातारी होत नाही, तिचं काही चुकत नाही, आणि तिचं घर कायम गरमच असतं.

जानेवारीत कालवा गोठला. घर दुपारपर्यंत तापेना. चित्स्केने हिल्केला बोलावलं. गावातले सगळे बॉयलर तोच बघायचा. त्याने झाकण काढलं, कान लावून ऐकलं आणि झाकण पुन्हा बसवलं.

“ह्याला काहीही झालेलं नाही, चित्स्केबाई.”

“मग तापत का नाही? जुना म्हणे अर्ध्या तासात घर तापवायचा.”

“जुना तापट होता. कढत पाणी सोडायचा आणि बरीचशी ऊब धुराड्यातून आभाळाला वाटायचा. हा कोमट पाणी फिरवतो. धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीसुद्धा ऊब घरातच ठेवतो. धावत नाही, पण थांबतही नाही. रात्री चकती कितीवर असते?”

“पंधरा.”

“बाप रे! रात्रभर भिंती गारठवायच्या आणि पहाटे त्याला म्हणायचं, पळ. कोमट पाण्याने एवढं घर तापायला दुपार होणारच. थंडी आहे तोवर चकतीला हातच लावू नका.” त्याने कॉफीबरोबरचं एकुलतं एक बिस्किट उचललं आणि लगेच झाकण लागलेल्या बिस्किटांच्या डब्याकडे बघितलं. “डबासुद्धा पंधरावरच ठेवलाय वाटतं.”

एरवी चित्स्के हसली असती.

हिल्के गेला. वीबे कप विसळत होता. त्याच्या पाठीकडे बघून तिला राहवलं नाही.

“ऐकलंस ना? आता घर पहाटेही गरम राहील. रेडिएटरला कवटाळून तिची आठवण काढत उभं राहायला नको.”

“कोणाची?”

“कोणाची म्हणे! रोज बघते मी. हात ठेवतोस, उसासे टाकतोस. तिच्या वेळी कसं लगेच तापायचं, नाही?”

वीबेने नळ बंद केला. ओले हात फडक्याला पुसले.

“हात तापवत असतो मी.”

“कशाला?”

“तुझ्या मानेसाठी.” त्याचे कान लाल झाले. “पहिल्या हिमाला लावला, तर तू अंग चोरलंस. ओरडलीही नाहीस. वाटलं, हिला गारठा सोसत नाही. म्हणून आधी तापवावेत म्हणतो. पण तो रेडिएटर मेला कोमटच असतो. पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी हात थंड ते थंडच. मग काय, खाली येतो, कॉफी करतो.”

बाहेर कालव्याचा बर्फ ताणला जाऊन लांबवर कण्हला. चित्स्के भिंतीकडे बघत होती. एका विटेच्या त्या भिंतीकडे. मग ती खुर्ची ओढून त्याच्याकडे पाठ करून बसली आणि मानेवरचे पांढरे केस दोन्ही हातांनी वर धरले.

“लाव,” ती म्हणाली. “तसाच लाव, थंडगार. बावीस हिवाळे नुसतं ऐकलं, मेल्या, आता मला ओरडायचंय.”