गाडीचा दांडा

हातगाडीचा दांडा दोनच ठिकाणी गुळगुळीत झाला होता, जिथे शेवंताबाईंची कोपरं टेकायची. गाडीवर वाकून त्या दिवसभर भाजी विकत फिरायच्या. गाडी सोडली की मात्र शंभर पावलांत पाय बधिर व्हायचे. लेकीच्या बोळात गाडी शिरत नव्हती. दोन वर्षांत तिचं घर पाहिलं नव्हतं.

"गाडीमागं मैलभर चालतेस, नाटकं करू नकोस," नवरा म्हणायचा. त्या बोलण्यानं दवाखान्यात सांगितलेलं पाठीचं ऑपरेशन लांबत गेलं.

आज नव्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना पाठीचा फोटो दाखवला. "पाठीचे मणके झिजलेत, त्यांच्यातली नळी अरुंद होऊन पायांच्या नसा दबतात. वाकलं की ती मोकळी होते, म्हणून गाडीमागं चालता येतं."

म्हणजे नाटक नव्हतं. शेवंताबाईंनी नवऱ्याकडं वळून पाहिलं.

"मग आता?" नवरा पुटपुटला.

"आता बरं होऊन लेकीकडं चालत जायचं," शेवंताबाई म्हणाल्या. "तेव्हा भाजीची पिशवी तुम्ही धरा. डॉक्टरीणबाई, ऑपरेशन करायचं."