पदरभर चिंध्या

काशीबाई रिकाम्या हातांनी परतल्या आणि सुनेवर करवादल्या, “पाय माझं मोडतात, तू डोकं चालव!” खाटेवरच्या नेत्राला कळलं, आपण नकाशा पुन्हा चुकीचा वाचला. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातल्या खुणा शोधत धावायच्या शर्यतीत गेल्या वर्षी ती वाऱ्यासारखी सुटली आणि भलत्याच टेकडीवर पोचली. यंदा ऐन सरावात काविळीने गाठलं. नवरा ट्रकवर निघण्याआधी खाडीच्या बांधावर चिंध्या बांधून नकाशावर खुणा करून जायचा. नेत्राने पडल्यापडल्या वाट सांगायची, सासूने भाताच्या झोडणीच्या धांदलीतून जाऊन चिंधी आणायची. हळूहळू पदर चिंध्यांनी भरू लागला. शर्यतीत पायांत धावायचं बळ नव्हतं, म्हणून नेत्रा चालली. पण वाट एकदाही चुकली नाही. तिसरी आली. पदक बघून काशीबाई तोंडभर हसल्या, मग हिरमुसल्या. “आता बरी झालीस. म्हंजे उद्यापासून मला न्हाय धाडनार?”